प्रकल्प नोंदी: रात्रीची लाइट आणि कॉर्टिसॉलची वेळ

4 नोव्हेंबर, नाशिक

नीतिशास्त्र समितीची मंजुरी आज हातात पडली. प्रश्न एकदा स्वच्छ लिहून ठेवते. द्राक्षबागेला रात्री पाणी द्यायला उठणाऱ्या माणसाच्या शरीरातल्या कॉर्टिसॉलची, म्हणजे ताणाच्या हार्मोनची, दिवसभराची चढउतार बदलते का? बदलत असेल, तर त्याची झोप, चिडचिड, विसरभोळेपणा यांच्याशी तिचा मेळ बसतो का?

निफाड तालुक्यात शेतीपंपाची लाइट चक्राकार येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी लागली की माणूस मध्यरात्री उठून बागेत जातो, पहाटे परत येऊन जमेल तेवढा झोपतो आणि सकाळी पुन्हा फवारणीला उभा राहतो. शहरातल्या कारखान्यांच्या रात्रपाळीवर जगभर भरपूर काम झालंय. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तर 2007 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कामगाराला निदान हजेरीपत्रक असतं. शेतकऱ्याची रात्रपाळी कुठल्याच कागदावर नाही, आणि मला हे काम करावंसं वाटलं ते त्यामुळेच.

आखणी साधी आहे. एकाच माणसाचे दिवसपाळीतले नमुने आणि त्याचेच रात्रपाळीतले नमुने. कॉर्टिसॉलची पातळी माणसागणिक इतकी वेगळी असते की रामाची तुलना श्यामाशी करून हाती फारसं लागत नाही. माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच करायची. हा फक्त प्राथमिक अभ्यास आहे, सहभागी मोजके असतील. पद्धत गावात टिकते का, एवढंच यातून तपासायचं.

समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी चांगला प्रश्न विचारला होता: "प्रत्येकाला त्याचा आकडा सांगणार का?" आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माहिती सहभागी व्यक्तीची असते, ती लपवायची नाही. पण सुटा आकडा हातात ठेवून माणसाला घाबरवायचंही नाही. आम्ही लिहून दिलंय की आकडा सांगू, तो वेळेसकट सांगू आणि समोर बसून सांगू.

9 नोव्हेंबर, गोदाकाठचं गाव

चांदोरीच्या पुढे, नदीच्या अंगाला असलेलं गाव. नाव इथे लिहीत नाही, समितीला तसं कबूल केलंय. सोसायटीच्या ओट्यावर बैठक झाली. मी कॉर्टिसॉल हे हार्मोन आहे म्हटलं आणि सगळ्यांचे चेहरे उजळले. हार्मोन या शब्दाशी इथल्या माणसाचं माझ्यापेक्षा जुनं नातं आहे.

आबा म्हणाले, "मॅडम, जीए पण हार्मोनच ना?"

हो, जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड. वनस्पतीचं हार्मोन, रचनेने कॉर्टिसॉलहून वेगळं. 1926 मध्ये एइची कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने भाताची रोपं वेड्यासारखी उंच वाढवणाऱ्या बुरशीच्या अर्कात त्याचा परिणाम दाखवला. आबांना तो इतिहास नको होता. त्यांनी मलाच समजावून सांगायला सुरुवात केली. फुलोऱ्याच्या आधी जीए दिलं की घड लांबतो, पाकळ्या सुटतात. मणी धरल्यावर, बाजरीएवढा-ज्वारीएवढा झाल्यावर डिपिंग केलं, म्हणजे घड जीएच्या द्रावणात बुडवला, की मणी फुगतो. औषध तेच, बाटली तीच. "आणि दोन्हीच्या मधी चुकीच्या दिवशी मारलं," ते म्हणाले, "तर बाग वाया. डोस चुकला तर निभतं, दिवस चुकला तर निभत नाही."

मी वर्गात वर्षानुवर्षं जे शिकवते ते आबांनी दोन वाक्यांत सांगितलं. मग मी तिथूनच पुढे बोलले. कॉर्टिसॉलचंही असंच आहे. सकाळी उठताना ते भरपूर असायलाच हवं. त्याच्याशिवाय अंथरुणातून उठवणार नाही, रक्तातली साखर, रक्तदाब जागेवर राहणार नाही. तेवढंच कॉर्टिसॉल रात्री अकराला दिसलं तर मात्र काहीतरी बिघडलंय. आकडा तोच, अर्थ उलटा. म्हणून आम्ही लाळ घेऊ, पण लाळेइतकीच तुमची वेळेची वही आम्हाला हवी.

यानंतर नावं द्यायला कोणी कां-कूं केलं नाही.

12 नोव्हेंबर

वहीचा नमुना पक्का केला. रकाने: झोपायला कधी, उठलो कधी, लाइट कधी आली-गेली, शेतात किती वेळ, सोबत कोण, चहा, तंबाखू, औषधं, फवारणी केली का, भांडण-वाद, मूड. मूडसाठी पाच चेहरे काढलेत. दम्याचा पंप, सांध्यांसाठी घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, खाजेचं मलम, हे सगळं वेगळं विचारायचं. बाहेरून घेतलेलं स्टिरॉइड मेंदूला 'आता पुरे' असा निरोप देतं आणि शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल खाली जातं. खोकल्यासाठी ज्येष्ठमध चघळणारे किती हेही विचारायचं. ज्येष्ठमधातलं एक द्रव्य कॉर्टिसॉल निष्क्रिय करणारं विकर (एन्झाइम) अडवतं.

18 नोव्हेंबर, प्रयोगशाळा

विद्यार्थ्यांबरोबर वाचनाची बैठक. एका मुलीचा प्रश्न: "रात्री जागलं तर घड्याळच उलटं होईल ना? मग कॉर्टिसॉलही रात्री चढेल." सगळा प्रकल्प या प्रश्नावर उभा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

साखळी अशी. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाच्या भागातल्या पेशी सीआरएच हे हार्मोन सोडतात. 41 अमिनो आम्लांची ही साखळी वायली व्हेल यांच्या गटाने 1981 मध्ये ओळखली. सीआरएच खालच्या पिट्युटरी ग्रंथीला सांगतं, पिट्युटरी एसीटीएच हे दुसरं हार्मोन सोडते, ते रक्तातून मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींपर्यंत जातं आणि तिथे कॉर्टिसॉल तयार होतं. कॉर्टिसॉल परत मेंदूत येऊन वरचे दोन्ही निरोप थांबवतं. मेंदू पिट्युटरीला रक्तातून निरोप पाठवतो हे जेफ्री हॅरिस यांनी मांडलं तेव्हा अनेकांना पटलं नव्हतं. मग रॉजर गिलमां आणि अँड्र्यू शॅली यांनी वेगवेगळ्या प्रयोगशाळांत, एकाने मेंढ्यांचे तर दुसऱ्याने डुकरांचे हायपोथॅलॅमस ढिगांनी जमवून त्यातून कणभर हार्मोन वेगळं काढलं. 1977 चं नोबेल त्यांना मिळालं, आणि त्याच वर्षी त्याच पारितोषिकात रोझलिन यालोही होत्या, इतकं सूक्ष्म हार्मोन मोजायची रीत बसवल्याबद्दल. मला यालोंचा वाटा नेहमी मोठा वाटतो. मोजता आलं नसतं तर बाकी सगळं अंदाजावर राहिलं असतं.

आता घड्याळ. डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथे वर सुप्राकायाझमॅटिक न्यूक्लियस नावाचे पेशींचे दोन इवले पुंजके आहेत. दोन्हींत मिळून साधारण 20,000 पेशी. 1972 मध्ये मूर आणि आयक्लर यांनी उंदरांतला हा पुंजका नष्ट केला. ॲड्रिनल ग्रंथी शाबूत, पिट्युटरी शाबूत, हार्मोन तयार होतच होतं. गेली ती फक्त त्याची दिवस-रात्रीची लय. तो आलेख मी फळ्यावर काढला: एका बाजूला डोंगर-दरी, दुसऱ्या बाजूला सपाट रेघ. त्याच वर्षी स्टीफन आणि झुकर यांनी दाखवलं की या पुंजक्याविना उंदराचं पाणी पिणं आणि हिंडणंही वेळापत्रक सोडतं. हार्मोन आणि वागणूक दोन्ही एकाच ठिकाणाहून वेळ घेतात.

या घड्याळाला वेळ लावतो तो मुख्यतः डोळ्यांत शिरणारा प्रकाश. त्यामुळे मुलीच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, घड्याळ एवढ्यात उलटं होत नाही. आमचा शेतकरी रात्री बागेत असला तरी दिवसा उघड्या उन्हात असतो. त्याचं घड्याळ सूर्यालाच बांधलेलं राहतं. मध्यरात्रीच्या सुमारास कॉर्टिसॉल सर्वांत खाली असतं, पहाटेकडे चढायला लागतं. नेमक्या त्या खालच्या वेळी तो कष्ट, थंडी आणि भीती यांना सामोरा जातो, आणि कॉर्टिसॉल चढत असताना येऊन झोपतो. झोपेच्या पहिल्या भागातली गाढ झोप कॉर्टिसॉलला दाबून धरते, तिचाच तुकडा मोडलेला असतो. घड्याळ एक सांगतं आणि काम दुसरंच मागतं. आम्हाला मोजायची आहे ती ही ओढाताण.

दुसरी मुलगी म्हणाली, "म्हणजे कॉर्टिसॉल वाढलं की वाईट, असं नाही." अजिबात नाही. हा समज मोडायला हवा. 1968 मध्ये ब्रूस मॅकएवन आणि सहकाऱ्यांनी ॲड्रिनल काढलेल्या उंदरांना किरणोत्सारी कॉर्टिकोस्टेरॉन (उंदरांत कॉर्टिसॉलचं काम करणारं हार्मोन) दिलं, तर ते जाऊन बसलं हिप्पोकॅम्पसमध्ये, आठवणींच्या जागी. ताणाचं हार्मोन थेट स्मरणाच्या पेशींत घर करतं हे तेव्हा कळलं. पुढे रॉन द क्लोएट यांच्या कामातून उलगडलं की तिथे त्याला धरणारे दोन प्रकारचे रिसेप्टर आहेत. एक फार चटकन धरणारा, रात्रीच्या थोड्या कॉर्टिसॉलनेही भरतो. दुसरा सकाळच्या चढावर किंवा ताणाच्या वेळीच भरतो. रात्री दुसरा बराचसा रिकामा राहायला हवा. तो रोज रात्रीही भरत राहिला तर पेशीला विसावा मिळत नाही, असा माझा अंदाज आहे. तो सिद्ध करायला हा अभ्यास पुरणार नाही.

23 नोव्हेंबर, गाव

लाळ घेण्याचा सराव. कापसाचा बोळा न वापरता नळीत सरळ लाळ सोडायची, कारण कापूस काही हार्मोनांच्या मोजणीत घोळ घालतो आणि पुढेमागे याच नमुन्यांतून दुसरं काही मोजायचं झालं तर वाट बंद व्हायला नको.

लाळच का, असं एका भावांनी विचारलं. रक्तातलं बहुतेक कॉर्टिसॉल प्रथिनांना चिकटलेलं असतं. पेशीत शिरून काम करतं ते सुटं, आणि लाळेत येतं तेही सुटंच. शिवाय सुई टोचल्यावर माणूस दचकतो आणि जे मोजायचं तेच बदलतं.

खरा अडथळा निघाला मिश्री. गावातल्या बऱ्याच बायका, आणि काही म्हातारे पुरुषही, उठल्या उठल्या भाजलेल्या तंबाखूची मिश्री हिरड्यांना लावतात. मी पाहत होते: चुलीपाशी उकिडवं बसून, डाव्या तळहातावर चिमूटभर काळी पूड, उजव्या तर्जनीने मागच्या दाढांपासून पुढे घासत आणायची, मग मिनिटभर तोंड मिटून स्वस्थ. हे चालू असताना कोणी बोलत नाही. नमुन्यासाठी याहून वाईट वेळ नाही. निकोटीनने कॉर्टिसॉल चढतं, पूड लाळेत मिसळते आणि हिरड्यांतून रक्त आलं तर सगळंच बिघडतं, कारण रक्तात कॉर्टिसॉल लाळेच्या कितीतरी पट असतं.

'मिश्री सोडा' सांगायला मी इथे आलेले नाही. ते सांगायला हवं, पण ते काम वेगळं आणि घाईने होणारं नाही. नियम असा ठरला: उठल्यावर पहिली नळी, अर्ध्या तासाने दुसरी, मग मिश्री, मग चहा. एक काकू म्हणाल्या, "अर्धा तास? डोकं धरंल माझं." मी म्हटलं, धरलं तर तेही वहीत लिहा, उपयोगी आहे. त्या तयार झाल्या.

अर्ध्या तासाचा आग्रह सोडता येत नाही. जाग आल्यावर पुढच्या 30 ते 45 मिनिटांत कॉर्टिसॉल उसळी घेतं, ती उसळी स्वतःच एक मोजमाप आहे. आणि वेळ दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी आकडा फसवतो. क्लेमेन्स किर्शबाउम आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये गुपचूप वेळ नोंदवणारी झाकणं वापरून दाखवलंय की माणसं नमुन्याची वेळ बरोबर लिहीत नाहीत आणि त्याने निष्कर्ष बदलतात. आमच्याकडे तशी झाकणं नाहीत. पण फोन प्रत्येक घरात आहे. नळी हातात धरून फोटो काढायचा, फोटोत वेळ आपोआप नोंदली जाते. ही युक्ती आबांच्या नातवाची.

1 डिसेंबर

उणे 20 अंशांच्या फ्रीझरला स्वतंत्र बॅकअप जोडून घेतला. थर्मोकोलचे डबे, आईस पॅक, लेबलं आली. कॉर्टिसॉल तसं कणखर रेणू आहे, गावाहून नाशिकला येईपर्यंत काही होत नाही. पण उशीर केला तर बुरशी धरते.

7 डिसेंबर, रात्र आणि पहाट

रात्रपाळीचा पहिला फेरा. आम्ही नमुने घ्यायला गेलो नव्हतो, ते लोक स्वतः घेतात. नोंदीचे रकाने पुरेसे आहेत का, ते शेतात उभं राहून पाहायचं होतं.

लाइट बाराच्या पुढे आली. मोबाइल स्टार्टरने मोटर घरबसल्या चालू होते, म्हणून मला वाटायचं की उठायची गरज अर्धी मिटली असेल. तसं नाही. व्हॉल्व्ह हाताने फिरवावे लागतात, प्लॉट बदलावे लागतात, ठिबकची नळी उंदराने कुरतडलेली असते, फिल्टर तुंबतो, डीपीवर फ्यूज जातो. आबांचा पुतण्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात कोपरापर्यंत हात घालून चिखल काढत होता. पाणी इतकं गार की बोटं लाल. प्रयोगशाळेत माणसाला ताण द्यायचा असेल तर त्याचा हात बर्फाच्या पाण्यात बुडवायला लावतात, ती मान्यताप्राप्त चाचणी आहे आणि मिनिटं मोजून केली जाते. इथे ती रात्रभर चालते. थंडीसाठी वहीत रकाना नव्हता, तो आता आला.

दोनच्या सुमारास पलीकडच्या उसात काहीतरी सरसरलं. चौघेही एका क्षणात थांबले, बॅटऱ्या एकाच दिशेला. एकाने खिशातल्या फोनवर गाणं मोठ्याने लावलं, दुसऱ्याने काठी पत्र्यावर आपटली. या पट्ट्यात बिबट्या उसातच राहतो, पिल्लंही तिथेच घालतो, त्यामुळे ही भीती कल्पनेतली नाही. काही दिसलं नाही. पाचेक मिनिटांनी काम पुन्हा सुरू झालं, पण आवाज चढलेले होते आणि जो तो थोडा जास्त बोलत होता.

शरीरात काय झालं असेल ते लिहून ठेवते. पहिल्या काही सेकंदांत ॲड्रिनॅलिन: छाती धडधडली, तोंड कोरडं पडलं, बाहुल्या विस्फारल्या. कॉर्टिसॉल त्याच्या मागून, सावकाश. लाळेत त्याची चढण दिसायला साधारण 20 ते 30 मिनिटं लागतात, आणि उतरायला त्याहून जास्त. म्हणजे उस सरसरला दोनला, तर अडीच वाजता, सगळे हसत चहा पीत असताना, कॉर्टिसॉल शिखरावर असेल. त्या क्षणी फक्त नळी घेऊन गेलेला माणूस म्हणेल, निवांत माणसाचं कॉर्टिसॉल एवढं कसं?

'भीती वाटली का, कधी, कशाची' हा रकाना आता पहिल्या पानावर.

आणखी एक गोष्ट. कोणी एकटा जात नाही. ज्याची पाळी नाही तोही सोबतीला येतो आणि बांधावर शेकोटी करून बसतो. 2003 मध्ये मार्कुस हाइनरिक्स यांच्या गटाने प्रयोगशाळेत पाहिलं की ताणाच्या चाचणीआधी जिवलग मित्राचा आधार मिळालेल्या पुरुषांचं कॉर्टिसॉल कमी चढतं. 'सोबत कोण' हा रकाना मी केवळ सवयीने ठेवला होता. आता तो मुख्य रकान्यांत मोजते.

10 डिसेंबर

वह्या गोळा करताना एका काकूंनी मला थांबवलं. "यांची झोप मोडते तशी माझीबी मोडतीच की. हे गेल्यावर मला काय डोळा लागतो? परत आल्याचा कडीचा आवाज येईस्तोवर मी जागीच. पाचाला माझी चूल." त्या मालकांच्या वहीत त्यांचं नाव फक्त 'सोबत कोण'च्या रकान्यात यायचं, तेही घरापुरतं.

त्यांचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे. काय होईल याची वाट पाहत अंधारात पडून राहणं हे ताणाच्या अभ्यासातलं सर्वांत ठळक प्रकरण आहे. जे आपल्या हातात नाही आणि कधी संपेल ते माहीत नाही, त्याने ही साखळी सर्वांत जास्त चेतते. रॉबर्ट सापोल्स्की यांनी केनियातल्या बबून माकडांत वर्षानुवर्षं हेच पाहिलं: नुसता दर्जा उंच की नीच यापेक्षा कळपातली घडी स्थिर आहे की विस्कटलेली, यावर ताणाच्या हार्मोनांचं बरंच अवलंबून असतं.

घरात राहणाऱ्या बायकांनाही सहभागी करायचा सुधारित प्रस्ताव समितीकडे पाठवतेय. त्यांच्या वहीत पाळीचा काळ आणि गर्भनिरोधक गोळ्या यांचे रकाने वाढतील, कारण त्यांनीही कॉर्टिसॉलच्या नोंदी बदलतात.

16 डिसेंबर, नाशिक

बाहेरच्या एका सहकाऱ्यांचा सल्ला: याच नमुन्यांत ऑक्सिटोसिनही मोजा, 'प्रेमाचं हार्मोन' म्हटलं की लेख लवकर छापून येईल. नको, असं सांगितलं. कारणं टिपून ठेवते, पुन्हा विचारलं जाईल म्हणून.

ऑक्सिटोसिन माझं आवडतं हार्मोन आहे. नऊ अमिनो आम्लांचा एवढासा रेणू. व्हिन्सेंट द्यु विग्नो यांनी 1953 मध्ये तो प्रयोगशाळेत बनवला आणि 1955 चं नोबेल मिळवलं. प्रसूतीत आणि दूध उतरण्यात त्याचं काम पक्कं ठाऊक आहे. पण त्याच्यावर फार ओझं लादलं गेलं. 2005 मध्ये नाकात ऑक्सिटोसिन फवारलं की पुरुष पैशांच्या खेळात परक्यावर जास्त विश्वास टाकतात असा निष्कर्ष गाजला; 2020 मध्ये मोठ्या प्रमाणावर पुन्हा तपासला तर तो टिकला नाही. प्रेअरी व्होल नावाचा उंदरासारखा प्राणी जोडीने राहतो, आणि ती जोडी ऑक्सिटोसिनमुळे जमते असं पाठ्यपुस्तकांत होतं. 2023 मध्ये त्याचा रिसेप्टरच जनुकातून काढून टाकलेल्या व्होलनीही जोड्या जमवल्या. म्हणजे ऑक्सिटोसिनचा वाटा नाही असं नव्हे, पण एका रेणूच्या अंगावर अख्खं वागणं टाकता येत नाही. शिवाय लाळेतलं ऑक्सिटोसिन भरवशाने मोजणं अजून वादाचं आहे आणि लाळेवरून मेंदूतलं ताडणं त्याहून अवघड. न विचारलेल्या प्रश्नासाठी गावकऱ्यांची लाळ वापरायची नाही.

विद्यार्थ्यांना या निमित्ताने मुंबईच्या टीआयएफआरमधल्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या) विदिता वैद्य यांचं काम वाचायला दिलं. लहान वयातला ताण मोठेपणीच्या वागण्यात कसा उतरतो, त्यात सेरोटोनिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाचा काय वाटा, हे त्यांनी उंदरांवर वर्षानुवर्षं धीराने तपासलं. 2022 चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला. 'एक हार्मोन, एक भावना' असली वाक्यं त्यांच्या कामात सापडत नाहीत.

28 डिसेंबर

दिवसपाळीचे नमुने आले. बायकांच्या समावेशाला समितीची परवानगी मिळाली. थंडी कडक, बागांत पहाटे शेकोट्या, मणी तडकू नयेत म्हणून. दिवसपाळी असूनही त्यासाठी काही जण पहाटे उठलेत, ते वहीत आलंय. या दिवसांना 'दिवसपाळी' म्हणून आंधळेपणाने मोजायचं नाही.

9 जानेवारी, प्रयोगशाळा

गावाचे नमुने लावण्याआधी एलायझाची (प्रतिपिंड वापरून हार्मोन मोजायच्या रीतीची) चाचणी प्लेट चालवली, फक्त ठाऊक तीव्रतेच्या प्रमाण द्रावणांवर. तंत्रज्ञ भाऊंचा हात फार स्थिर आहे. एकही बुडबुडा नाही.

ही मोजणी स्पर्धेची असते. प्लेटवरच्या प्रत्येक विहिरीच्या, म्हणजे छोट्या खळग्याच्या, तळाशी कॉर्टिसॉलला धरणारं प्रतिपिंड चिकटवलेलं. त्यात नमुना घालायचा आणि सोबत विकर जोडलेलं कॉर्टिसॉल. दोघं जागेसाठी झगडतात. नमुन्यात कॉर्टिसॉल जास्त असेल तर विकरवाल्याला जागा कमी मिळते, म्हणून रंग फिका. विद्यार्थ्यांना हे उलटं गणित पचायला वेळ लागतो, म्हणून त्यांना प्लेटसमोरच उभं केलं. रंगद्रव्य घातल्यावर विहिरी एकेक करत निळ्या होत गेल्या, पहिल्या रांगेतल्या गडद, शेवटच्या जेमतेम. आम्ल घालताच निळ्याचा पिवळा झाला आणि 450 नॅनोमीटरला वाचन घेतलं. प्रमाण द्रावणांचा वक्र नीट आला. गावाचे नमुने लावताना एका माणसाच्या सगळ्या नळ्या एकाच प्लेटवर लावायच्या, दिवसपाळी-रात्रपाळी मिळून. नाहीतर प्लेटमधला फरक माणसाचा फरक म्हणून वाचला जाईल. नळ्या वितळल्यावर फिरवून खालचा चिकट थर बाजूला काढायचा, वरची स्वच्छ लाळच घ्यायची.

17 जानेवारी, गाव

बैठकीत सगळ्यांचा एकच प्रश्न: कोणाचा आकडा वाईट? काढून सांगा.

मी सांगितलं की अजून मोजलेलं नाही, आणि मोजल्यावरही 'वाईट माणूस' असा निघणार नाही. निघाली तर वाईट वेळ निघेल. आबांनी मान हलवली. एका तरुणाने विचारलं, मग हे घेऊन आम्ही करायचं काय? त्याचा प्रश्न रास्त आहे. दिवसा लाइट मिळावी म्हणून सौर वाहिन्यांची योजना आहे, काही फिडरना (वीजवाहिन्यांना) दिवसा वीज मिळूही लागली आहे, आणि या गावाचा फिडर त्यात आला तर हाच अभ्यास 'आधी' म्हणून वापरता येईल: तेच लोक, त्याच वह्या, रात्रपाळी कायमची गेल्यावर काय बदललं ते. आजवर रात्रीच्या लाइटची तक्रार गैरसोय म्हणून मांडली गेली. तिची गणना मेंदूच्या आरोग्यात व्हावी असं मला मनापासून वाटतं, पण ते म्हणण्याचा हक्क आकडे आल्यावर. तोवर वहीतलं लिहिलेलं तरी त्यांच्यासमोर ठेवता येतं: कोणी किती झोपलं, कोणाची चिडचिड कोणत्या दिवशी, कोण कोणाबरोबर गेलं. काही जणांनी आपली वही तिथेच उघडून मागची पानं वाचली. एक भाऊ बायकोला म्हणाले, "बघ, तू म्हणायचीस ते खरं आहे, रात्रपाळीतच भांडणं झालीत." ही दोन माणसांची दोन पानं आहेत, निष्कर्ष नव्हे. तरी वहीत तशीच उतरवून घेतली.

ठरलं ते असं. मण्यांत साखर भरायला लागली की बागेचं पाणी कमी करतात, म्हणजे रात्रीचं उठणंही कमी होणार. त्या काळातले नमुने रात्रपाळीचे धरता येणार नाहीत. काढणी उरकेपर्यंत नमुने बंद, वह्या चालू. एप्रिलमध्ये खरड छाटणीनंतर पाणी पुन्हा वाढेल तेव्हा दुसरा फेरा, उन्हाळ्यातला, थंडी वजा करून. तोपर्यंत फेब्रुवारीत साठलेले नमुने प्लेटवर लावायचे. निकाल पहिल्यांदा सोसायटीच्या ओट्यावर वाचायचे, मग कुठेही पाठवायचे.

आईस पॅक परत आणले. दोन थर्मोकोलच्या डब्यांची झाकणं बदलायला हवीत.